बाटली खोटं बोलते?
शिकवण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की संगीताच्या तासाला मुलांना आधी प्रश्न पडू द्यावेत, व्याख्या नंतर. अगदी पटलं. मी तिसरीच्या वर्गाला काचेच्या बाटल्या आणि पाणी दिलं. चमच्याने वाजवली की पाणी वाढेल तसा सूर खाली उतरतो. तोंडावर फुंकर मारली की पाणी वाढेल तसा वर चढतो! एक मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, ही बाटली खोटं बोलतेय." मग अर्धा तास नुसती वादावादी. शेवटी पोरांनीच शोधलं: एकदा काच नि पाणी थरथरतं, एकदा आतली हवा.

पण गोंगाटाबद्दल त्या लेखात चकार शब्द नाही! 30 बाटल्या एकदम वाजल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात हजर. चार-चारचे गट करा, आणि एका वेळी एकच गट वाजवेल असं बघा.