तयारी फक्त शिबिरात होत नाही

प्रत्येक ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) आपल्या सभासदांना शिबिरं घेऊन आसपासच्या वस्तीतल्या सेवेसाठी तयार करावं, असं सांगणारा लेख वाचला. त्यातलं तयारीचं म्हणणं मनापासून पटलं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि शिक्षक दिले आहेत तेच मुळी पवित्र जनांना, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना, सेवेसाठी सिद्ध करायला. आपण मात्र सगळं पाळकांवर सोपवून मोकळे होतो.

लेखाचा सारा भर शिबिरांवर आहे, तिथे थोडं अडलं. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १८वा अध्याय बघा. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू बनवणारं जोडपं. अपुल्लो उत्तम वक्ता, शास्त्रात पारंगत, पण त्याला ठाऊक होता फक्त योहानाचा बाप्तिस्मा, म्हणजे येशूच्या आधी उपदेश करणाऱ्या योहानाने दिलेला पश्चात्तापाचा जलविधी. या दोघांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. शिकवणारी ही माणसं कामधंदा करणारी होती!

म्हणून तरुणांना (हे अगदी कळकळीने सांगते) अनुभवी माणसाच्या जोडीने आजाऱ्यांकडे, दुःखातल्या घरी पाठवा. येशूनेही आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं. आधी ऐकायला शिकवा. आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या, असं येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात लिहितो. पण कोणी विचारावं इतकी शेजाऱ्यांशी आपली ओळख तरी हवी ना?