‘शंभर डॉलरांत घरची ब्रुअरी’: फिरणाऱ्या मेसेजचा मुद्देसूद समाचार

परदेशातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘बिअरची तयार किटं म्हणजे लूट आहे. हार्डवेअरच्या दुकानातून झाकणाची बादली, कूलबॉक्स, पीव्हीसी पाइप, गीझरचं एलिमेंट आणि तांब्याची नळी आणा. दोन दिवसांत, शंभर डॉलरांत ब्रुअरी तयार. बादलीचं झाकण घट्ट लावा, ब्लीचने धुवा, बाकी यीस्ट बघून घेतं. ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र वापरू नका, विषारी असतं. भारतातही स्वतःपुरती बनवायला परवानगी लागत नाही.’

यातला निम्मा भाग बरोबर आहे, म्हणूनच उरलेला निम्मा कुणी तपासत नाही. हाताने बनवण्यासारखं बरंच काही आहे. पण हा मेसेज सगळी हौस उकळण्याच्या सामानावर खर्च करायला लावतो आणि बिअर जिथे खरोखर बिघडते तो टप्पा यीस्टवर सोडून देतो.

‘भारतातही परवानगी लागत नाही’

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण ते वाचून कुणी पुण्यातल्या भावाला सामानाची यादी पाठवायचा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा (1949) परवान्याशिवाय बिअर बनवायला मनाई करतो. कलम 65 नुसार ती बनवण्याची भांडी, उपकरणं आणि साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. पिण्याचं परमिट खिशात असलं म्हणून बनवण्याची मुभा मिळत नाही. अमेरिकेत गोष्ट वेगळी. 1978 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने घरी, विक्रीसाठी नव्हे, वर्षाला एका प्रौढामागे 100 गॅलन (सुमारे 378 लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात 200 गॅलनपर्यंत बिअर करमुक्त बनवता येते. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बिअरला लायसन लागत नाही. पुढचं सगळं अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे.

‘कुठलीही झाकणाची बादली चालते, फक्त झाकण घट्ट लावा’

या एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली आकाराची. दुकानातली 5 गॅलनची बादली काठोकाठ 19 लिटर घेते, आणि नेहमीचा घाणाही 19 लिटरचाच असतो. आंबताना वर फेसाचा जाड थर चढतो. त्याला 4-5 लिटरची मोकळी जागा हवी. म्हणजे बादली 24-25 लिटरची लागते.

दुसरी प्लॅस्टिकची. बुडाशी त्रिकोणात 2 आकडा दिसला की लोक निर्धास्त होतात. तो आकडा फक्त प्लॅस्टिक एचडीपीई या जातीचं आहे एवढंच सांगतो. त्यातला रंग आणि साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं रसायन खाद्यपदार्थांना चालणारं आहे की नाही, हे सांगत नाही. पेला-काट्याची खूण किंवा ‘फूड ग्रेड’ असं लिहिलेलं बघूनच घ्यावी. हॉटेलातून फुकट मिळणाऱ्या लोणच्याच्या बादल्या फूड ग्रेड असतात, पण तो वास प्लॅस्टिकमधून जात नाही आणि बिअरमध्ये हमखास उतरतो. आत तारेची घासणी कधीही फिरवू नये. ओरखड्यात जिवाणू बसले की कुठलंच औषध तिथवर पोचत नाही.

तिसरी चूक धोक्याची आहे. 1.050 घनतेच्या 19 लिटर वर्टमधून (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी) यीस्ट साधारण दीड किलो साखर खातं आणि पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. खोलीच्या तापमानाला हा वायू साडेतीनशे ते चारशे लिटर भरतो. झाकण हवाबंद असेल तर ते उडणार, आणि काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) असेल तर फुटणार. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) हवाच. पहिले दोन-तीन दिवस तोही फेसाने तुंबतो, म्हणून त्याच्या जागी किमान 12 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी बसवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवावं.

‘कूलबॉक्स आणि पीव्हीसी पाइप, झाला मॅश टन’

मॅश म्हणजे दळलेले माल्टचे दाणे गरम पाण्यात ठेवून त्यांची साखर उतरवणं, आणि मॅश टन म्हणजे ते करायचं भांडं. त्यासाठी कूलबॉक्सची कल्पना उत्तम आहे; अमेरिकेतल्या घरगुती ब्रुअरांनी ती कित्येक वर्षं वापरली आहे. घोटाळा पाइपात आहे. साध्या पांढऱ्या पीव्हीसीची मर्यादा साधारण 60 अंश सेल्सिअस. मॅश 66 ला चालतो, सुरुवातीचं पाणी 72 च्या आसपास असतं आणि दाणे धुवायचं पाणी 76-77. म्हणजे पाइप पूर्ण वेळ मर्यादेच्या वर राहणार. गरम पाण्यासाठीचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाइप 82 अंशांपर्यंतचा असतो, तो चालतो. दाणे मागे राहून वर्ट गाळून तोटीकडे यावं म्हणून हॅकसॉने दर सेंटिमीटरला, पाइपाच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत चिरा पाडाव्यात आणि बसवताना चिरांचं तोंड खाली ठेवावं. आतले सांधे सॉल्व्हंटने चिकटवू नयेत; नुसते दाबून बसवले की धुताना सुटे होतात.

पाइपाऐवजी वॉश बेसिनखालच्या कनेक्शनची स्टीलच्या जाळीची नळी वापरायची युक्तीही चांगली. आतली रबरी नळी ओढून काढायची, जाळीचं एक टोक दुमडून क्लॅम्पने बंद करायचं, दुसरं तोटीला जोडायचं. फक्त हल्ली स्टीलसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच नळ्यांची जाळी प्लॅस्टिकची असते आणि गरम दाण्यांच्या वजनाखाली ती चपटी होते. मग तोटी उघडली तरी थेंब येत नाही आणि लोक दळणाला दोष देतात. जाळीची एक तार लायटरच्या ज्योतीत धरून बघावी. वितळली तर परत करावी.

‘कूलबॉक्स तापमान आपोआप राखतो’ हेही अर्धंच. तो असलेलं तापमान राखतो, योग्य तापमान तुम्हाला आणून द्यावं लागतं. पाण्याचं तापमान काढायचं सूत्र असं: (0.41 ÷ एका किलोमागे पाण्याचे लिटर) × (हवं ते तापमान − दाण्यांचं तापमान) + हवं ते तापमान. 5 किलो माल्ट, 15 लिटर पाणी, दाणे 20 अंशांवर, मॅश हवा 66 वर. उत्तर 72.3 येतं. थंड कूलबॉक्स स्वतः आणखी एक-दोन अंश गिळतो, म्हणून आधी दहा मिनिटं 3-4 लिटर उकळतं पाणी आत फिरवून ओतून टाकावं. हे न केल्याने मॅश 64 वर जातो आणि बिअर अपेक्षेपेक्षा कोरडी, पातळ लागते.

आणि खरंच पैसे वाचवायचे असतील तर कूलबॉक्सही नको. पडद्याच्या जाळीदार पॉलिएस्टर कापडाची पातेल्याएवढी पिशवी शिवायची, त्यात दाणे घालून थेट पातेल्यातच मॅश करायचा. 5 किलो दाण्यांना सगळं मिळून 28 लिटर पाणी लागतं: बादलीत जाणारे 19, दाण्यांत अडकणारे साडेतीन, तासभर उकळताना उडणारे 4 आणि बुडाशी गाळात राहणारे दीड. दाणे घातल्यावर पातळी साडेएकतीस लिटरच्या आसपास चढते, म्हणून पातेलं 38 लिटरचं. त्याहून लहान घेतलं तर ढवळताना आणि उकळी फुटताना ओट्यावर सांडतंच.

‘ॲल्युमिनियम विषारी’

नाही. वर्टची आम्लता सौम्य असते (पीएच 5.2 च्या आसपास) आणि भांड्यावरचा ऑक्साइडचा करडा थर त्यात टिकून राहतो. नवं पातेलं आधी अर्धा तास साधं पाणी उकळून काढावं. वॉशिंग सोडा किंवा कॉस्टिकने धुऊ नये आणि चकचकीत घासू नये, कारण थर त्यानेच जातो.

‘गीझरचं एलिमेंट बसवा’

हा सल्ला जसाच्या तसा कुणी पाळू नये. अमेरिकेतलं नेहमीचं 5500 वॉटचं एलिमेंट 240 व्होल्टवर सुमारे 23 अँपिअर ओढतं. त्याला 30 अँपिअरची स्वतंत्र लाइन, गळती होताच वीज तोडणारा जीएफसीआय आणि पातेल्याच्या धातूला पक्कं अर्थिंग लागतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि त्याची मजुरीच शंभर डॉलर ओलांडते.

तेच एलिमेंट 120 व्होल्टवर लावलं तर व्होल्टेज निम्मं होतं आणि शक्ती चौथाई, म्हणजे 1375 वॉट. हे साध्या सॉकेटवर चालतं, पृष्ठभाग मोठा असल्याने वर्ट करपतही नाही. पण 24 लिटर वर्ट 66 वरून 100 वर न्यायला उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी 40 मिनिटं लागतात. उघड्या पातेल्यात तास सहज जातो. जीएफसीआय आणि अर्थिंग इथेही हवंच. एलिमेंट स्टेनलेस बुडाचं घ्यावं, साधं बूड गंजतं. आणि वर्टमध्ये पूर्ण बुडल्याशिवाय स्विच लावू नये: कोरडं एलिमेंट काही सेकंदांत जळतं. बादलीला भोक पाडून हेच करणाऱ्यांना एकच सांगणं, उकळत्या वर्टला एचडीपीई मऊ पडतं आणि एलिमेंटच्या नटाभोवतीची जागा सगळ्यात आधी. त्यापेक्षा गॅस बरा, तोही घराबाहेर.

‘तांब्याची नळी’

इथे मेसेजला पूर्ण गुण. 9.5 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची साडेसात मीटर मऊ तांब्याची नळी रंगाच्या डब्याभोवती हळूहळू गुंडाळली की उकळलेलं वर्ट थंड करायचा कूलर तयार. नळी चेपू नये म्हणून आत बारीक मीठ ठासून दोन्ही टोकं बंद करावीत, नंतर पाण्याने ते विरघळून जातं. नव्या नळीवर कारखान्याचं तेल असतं. साबणाने आणि मग व्हिनेगरने धुवावं. रबरी होजचे क्लॅम्प पातेल्याच्या काठाबाहेर येतील इतकी टोकं लांब ठेवावीत. सांधा पातेल्यावर आला की नळाचं कच्चं पाणी थेंब थेंब थंड वर्टमध्ये पडतं, आणि आठवड्याने आंबूस झालेल्या बिअरचं कारण कुणालाच सापडत नाही. उकळीची शेवटची 15 मिनिटं कॉइल आत ठेवली की ती निर्जंतुक होते. नळी लांब करण्यापेक्षा थंड होताना वर्ट हलवत राहण्याने जास्त फरक पडतो.

‘ब्लीचने धुवा’

क्लोरीनचा अंश राहिला तर बिअरला बँडएडसारखा औषधी वास येतो, स्टेनलेसला ब्लीच खड्डे पाडतं, आणि व्हिनेगरबरोबर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. फॉस्फोरिक आम्लावर आधारित, वापरल्यावर धुवावं न लागणारं जंतुनाशक (लिटरला साधारण दीड मिलिलिटर) दोन मिनिटांत काम करतं. ते आधी साफ केलेल्या भांड्यावरच, मळावर नव्हे. बादलीची तोटी दर खेपेला सुटी करावी. वॉशरच्या मागे साचलेला चिकटा हे संसर्गाचं आवडतं घर.

‘बाकी यीस्ट बघून घेतं’

मेसेजमधलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. नेहमीच्या एल यीस्टला (एल हा बिअरचा प्रकार) 18 ते 20 अंश लागतात. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे 22 अंशांच्या खोलीत बादलीच्या आत 25-26 होतात. त्या तापमानाला जड अल्कोहोलं आणि तीव्र वासाची एस्टर नावाची रसायनं तयार होतात: घशात जळजळ, नेलपॉलिशसारखा वास. पहिल्या तीन दिवसांत झालेलं हे नुकसान नंतर कशानेही भरून येत नाही.

त्यामुळे शंभरातले पहिले 35-40 डॉलर तयार टेम्परेचर कंट्रोलरवर आणि उरलेले जुन्या फ्रिजवर घालावेत. पातेलं उसनं आणता येतं, पिशवी घरी शिवता येते. कंट्रोलरचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. बादलीच्या बाहेरून, वर्टच्या पातळीच्या मध्यावर टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा लावावा. हवेत ठेवला तर दार उघडताच कंप्रेसर सुरू होतो आणि बादलीच्या आत काय चाललंय ते कळतच नाही. कंट्रोलरवर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक अर्ध्या ते एका अंशाचा आणि कंप्रेसरचा विराम किमान 3 मिनिटांचा ठेवावा. लागोपाठ चालू-बंद झाल्याने कंप्रेसर जळतो. चेस्ट फ्रीझर असेल तर वायरसाठी त्याच्या भिंतीला भोक पाडू नये, गॅसच्या नळ्या तिथूनच जातात. वायर झाकणाच्या रबराखालून घ्यावी.

फ्रिजला जागा नसेल तर पसरट टबात बादलीच्या निम्म्यापर्यंत पाणी, बादलीवर पाण्यात टोकं बुडालेला जुना टीशर्ट आणि समोर पंखा. पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची एकेक बाटली टबात टाकायची. हवा कोरडी असेल तर तापमान 4-5 अंश खाली येतं. दमट हवेत टीशर्टचा उपयोग फारसा होत नाही, तिथे सगळा भार बाटल्यांवर.