‘पळू देऊ नका, अंगाला लागत नाही’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

परवा दादाकडे गेले होते. खाली सोसायटीत पोरांचा दंगा चाललेला आणि माझा साडेतीन वर्षांचा भाचा सोफ्यावर, समोर मोबाइलवर कार्टून, गाल वरणभाताने टम्म फुगलेला. घास गिळतही नव्हता, थुंकतही नव्हता. मी म्हटलं चल रे खाली, तर वहिनी म्हणाली, "ताई नको, आत्ताच जेवलाय, पळापळ केली की सगळं झडतं." आणि फोन पुढे केला. फॉरवर्ड आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा, पाठवलेला माझ्या आईने.

त्यात लिहिलंय की बाळ जितकं गुटगुटीत तितकं निरोगी, पाच वर्षांपर्यंत पोट भरलं म्हटलं तरी दोन घास जास्त भरवा, बाळसं नंतर आपोआप झडतं. जास्त पळू देऊ नका, अंगाला लागत नाही. बारीक मुलाला रोज दोनदा डब्यातली पावडर द्या. आणि वजन जास्त झालंच तर मोठेपणी व्यायामाने उतरतं.

सगळ्यात आधी ते पळण्याचं, कारण मला राग त्याचाच आलाय. अंगाला लागणं म्हणजे काय हो? खाल्लेलं हाडात आणि स्नायूत गेलं तर ते अंगाला लागलं. आणि ते तिथे जातं कधी, तर पोर चढतं, उड्या मारतं, पडतं, परत उठून धावतं तेव्हा. बसवून भरवलं तर काटा पुढे सरकेल, पण जास्तीचं जे काही आहे ते चरबी म्हणून साठेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी स्पष्ट सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी, आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. तीन तास! आमच्याकडे तीन तास मोबाइल आणि जेवण मिळून होतात.

आता ‘बाळसं झडतं’. हे अर्धं खरं आहे, मान्य. पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होतं, नंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, पोर उंच होतं, चालतं-धावतं, म्हणून अंग सुटसुटीत होतं. भूकही कमी होते आणि घरातले घाबरतात, खातच नाही म्हणून. अहो, तेवढीच भूक असते त्याला! उंचीच्या मानाने वजन पाच-सहा वर्षांपर्यंत असं उतरत जातं आणि मग परत चढायला लागतं. हे चढणं जितकं लवकर सुरू होतं तितकी मोठेपणी चरबी जास्त असण्याची शक्यता. म्हणजे जे वय आपोआप सडसडीत व्हायचं, नेमकं त्याच वयात आपण कोंबतोय.

हे परदेशातलं, आपल्याला लागू नाही असं कोणी म्हणायच्या आत दिल्लीचं सांगते. १९६९ ते १९७२ मध्ये दक्षिण दिल्लीत जन्मलेल्या मुलांची वजनं-उंच्या लहानपणापासून मोजत गेले आणि २६ ते ३२ वयाच्या जवळपास दीड हजार जणांना परत तपासलं. २००४ ला छापून आलं. ज्यांना मधुमेह किंवा त्याची सुरुवात झालेली, ते दोन वर्षांपर्यंत उलट बारीकच होते, नंतर त्यांचं वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेलं. आणि बाराव्या वर्षी त्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं! म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतंच. याच लोकांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की अगदी लहानपणी वाढलेल्या वजनाचा संबंध मोठेपणीच्या स्नायूंशी जास्त, आणि नंतरच्या बालपणात, वयात येताना वाढलेल्याचा चरबीशी. त्यामुळे पहिली दोन वर्षं बाळाचं वजन नीट वाढायलाच हवं, कुपोषण आपल्याकडे आहेच, तिथे मी भांडत नाही. पण त्यावरून साडेतीन वर्षांच्या, व्यवस्थित वाढणाऱ्या मुलाला कोंबायचं हे कुठून आलं? भाच्याच्या लसीच्या फाइलमधला तक्ता मी स्वतः बघितला, उंची-वजन दोन्ही रेषेत आहे.

पावडरचं एकच सांगते, डबा उलटा करा आणि साखर किती आहे ते वाचा. आणि मूल खरंच बारीक वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, फॉरवर्डकडे नाही.

राहिलं मोठेपणी व्यायाम. व्यायाम कधीही चांगलाच. पण चरबीच्या पेशी किती, हे बरंचसं लहानपणी आणि वयात येताना ठरतं, मोठेपणी वजन उतरलं तरी त्या लहान होतात, संख्या फारशी घटत नाही.

वहिनीचा दोष नाहीये. दहा जण दहा वेळा ‘किती वाळलाय गं’ म्हणाले की कोणतीही आई घाबरेल. आई, तू हे वाचशीलच. फॉरवर्ड तू पाठवलास, आता फोनही तूच कर आणि सांग तिला की संध्याकाळी त्याला खाली सोड म्हणून. माझ्यापेक्षा तुझं ऐकते ती.