भुरीचं सल्फर बागेतच राहू द्या

परवा रात्री अकराला तासगावहून मावसबहिणीचा फोन. "दादा, पोरानं द्राक्षबागेचं, भुरी रोगावरचं सल्फर तव्यावर टाकलंय. आम्ही सगळे अंगणात खोकत बसलोय." कारण तोच फिरता फॉरवर्ड: 'सिलिकॉन संपलं. मॉलीची काळी पावडर आणि गंधक तापवा, घरबसल्या एका थराची चिप तयार.' (मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रीसमध्ये घालतात ते. गंधक म्हणजे सल्फरच.) आमच्या घरच्या ग्रुपवर चौघांनी टाकलाय, वाचला एकानंही नाही.

आधी तव्याचंच बोलू. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतं, आणखी तापलं की निळ्या ज्योतीनं पेटतं आणि सल्फर डायऑक्साइड निघतो. डोळ्यांतल्या, छातीतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. दमेकऱ्याला तर थोडाही पुरतो, आणि मावशीची रात्र पंपाशिवाय जात नाही! प्रयोगशाळेत असा थर करताना गंधक क्वार्ट्झच्या बंद नळीत, आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या झोतात ठेवतात. भट्टी ७००-८०० अंशांवर, बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. शेजारच्या बोटीत, म्हणजे छोट्या लांबट भांड्यात, असतं मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड. मॉलीची तयार पावडर, म्हणजे डायसल्फाइड, उघड्या हवेत खूप तापवली तर उलट तिचंच ऑक्साइड होतं. म्हणजे कृतीच उलटी लिहिलीय. शिवाय भुरीवर फवारायचं ते सल्फर ८० टक्केच असतं, बाकीचं काय तव्यावर शिजवणार?

आता फॉरवर्डमधले बाकीचे दावे. 'चकाकी दिसली की थर झाला.' चकाकी ग्रीसच्या डब्यातही असते. एक थर सुमारे ०.६५ नॅनोमीटरचा. तो ओळखायला त्यावर लेझर टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखातल्या (रामन वर्णपटातल्या) दोन शिखरांमधलं अंतर मोजतात: एका थराला साधारण १९, जाड तुकड्याला २५ प्रति सेंटिमीटर.

'मोबाइल पाच सेकंदांत चार्ज.' ते बॅटरीचं काम, चिपचं नव्हे. पुढे.

'सेलोटेपनं थर निघतो.' बरं, हे खरं आहे. २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी ग्राफाइटचा तसाच काढला, २०१० ला नोबेल मिळालं. पण २०११ चा स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा शोधनिबंध बघा. टेपनं काढलेला डायसल्फाइडचा एक थर, त्याला सोन्याचे इलेक्ट्रोड, वर ३० नॅनोमीटर हाफ्नियम ऑक्साइडचा विद्युतरोधक थर. तेव्हा कुठं चालू आणि बंद प्रवाहात १० कोटी पट फरक मिळाला, तोही एकेका ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे विजेच्या एकेका सूक्ष्म बटणात. मोबाइलच्या चिपमध्ये असे अब्जावधी लागतात. आणि हा थर बसवला होता कशावर? सिलिकॉनच्या चकतीवर. संपलेल्या!

भाच्याला म्हटलंय, रविवारी पेन्सिल आणि सेलोटेप घेऊन सांगलीला ये. तवा मावशीनं अजून घरात घेतलेला नाही.