निकाल आमचा, कुलूप त्याचं

"अपील पेंडिंग आहे ना, मग थांबा की जरा." हे वाक्य आता मला कुणाच्याही तोंडून ऐकवत नाही. बेलिफाने ऐकवलं, कोर्टातल्या कारकुनाने ऐकवलं, नात्यातल्या माणसांनी ऐकवलं. ज्याच्याविरुद्ध आम्ही दावा जिंकलो त्या भाडेकरूने तर आमच्याच गाळ्याच्या पायरीवर उभं राहून ऐकवलं.

कुठल्या कायद्यात लिहिलंय की अपील केलं म्हणजे निकाल थांबला? उलट लिहिलंय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, ऑर्डर ४१, नियम ५. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाने निकालात दिलेल्या हुकमाच्या, अंमलबजावणीला स्थगिती (स्टे) मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते आणि त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं. देताना कोर्टाने तीन गोष्टींची खात्री करून घ्यायची असते: स्थगिती नाकारली तर मागणाऱ्याचं भरीव नुकसान होईल, त्याने अर्ज करायला विनाकारण उशीर केलेला नाही, आणि उद्या अपील हरलाच तर हुकूमनामा पाळण्यासाठी त्याने तारण दिलंय. म्हणजे स्टे फुकट नाही. त्याची किंमत कायद्यानेच ठरवून दिलीय. माझा सगळा संताप एवढ्याच गोष्टीचा आहे की ही किंमत कुणी मागतच नाही.

आमचं प्रकरण साधं आहे. तालुक्याच्या गावी मुख्य पेठेत आजोबांच्या वेळेपासून भाड्याने दिलेला एक गाळा. भाडं महिन्याला ३५० रुपये. शेजारचा तेवढ्याच मापाचा गाळा आज १८ हजारांनी जातो. धाकट्या भावाने डी. फार्म. केलं, औषधाचं दुकान काढायचं ठरलं, म्हणून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ खाली दावा लावला, की जागा आम्हाला स्वतःला लागते आहे. साक्षीपुरावे झाले. उलटतपासणीत अण्णांना तासन् तास उभं केलं, मुलगा नोकरी का करत नाही इथपासून घरात किती खोल्या आहेत इथपर्यंत सगळं विचारलं. भाडेकरूने स्वतःच्या साक्षीत कबूल केलं की बसस्टँडसमोर त्याचं मालकीचं दुसरं दुकान आहे. गरज आमची खरी ठरली, जास्त अडचण कुणाची होईल हा मुद्दाही आमच्याच बाजूने सुटला. निकाल लागला. अण्णांनी पेढे वाटले.

वकिलांनी लगेच कॅव्हेट दाखल केलं, आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्टे देऊ नये म्हणून. कॅव्हेट चालतं ९० दिवस. या कायद्याखाली अपिलाची मुदत ३० दिवस. समोरच्याने काय करावं? ३० दिवस जाऊ दिले, ९० दिवसही जाऊ दिले, आणि मग विलंब माफीच्या अर्जासकट अपील टाकलं. कारण काय, तर तब्येत बरी नव्हती. बसस्टँडसमोरचं दुकान त्या काळात रोज उघडं होतं, सगळ्या गावाने बघितलंय. ऑर्डर ४१ च्या नियम ३अ मध्ये स्पष्ट आहे की मुदतीनंतर आलेलं अपील ऐकायचं की नाही हे आधी ठरवा, तोवर स्टे देऊ नका. इथे विलंबाचा अर्ज अजून तसाच पडून आहे आणि स्टे मात्र पहिल्याच दिवशी, आम्हाला न ऐकता. "पुढील तारखेपर्यंत."

हे "पुढील तारखेपर्यंत" प्रकरण बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, चला, महिनाभराचा प्रश्न आहे. पण पुढच्या तारखेला समोरचे वकील गैरहजर. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांना तयारीला वेळ हवा. मग खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलेलं नाही. मग साहेबांची बदली. मग अपीलदारांपैकी एकजण वारला, त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे. मग वकिलांचा बहिष्कार, मग सुट्टी. प्रत्येक वेळी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखांच्या नोंदीत, एकच ओळ: आधीचा आदेश कायम. कारण लिहावं लागत नाही, काही भरावं लागत नाही, कुणी विचारत नाही. ज्या आदेशाला पहिल्या दिवशीही नीट कारण नव्हतं, तो नुसत्या तारखांवर वर्षानुवर्षं जगतो. आणि तिकडे खालच्या कोर्टात आमची ताब्याची दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणा असा अर्ज, "स्टे असल्याने तहकूब".

बरं, हे काही आजच कळलेलं दुखणं नाही. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या शेवटच्या अपील कोर्टाने, म्हणून ठेवलंय की भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात आल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं उलटून गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचे आकडे आले, ८ लाख ८२ हजारांवर. न्यायालयाने स्वतःच त्याला चिंताजनक म्हटलं. त्यातल्या सर्वांत जास्त, सुमारे ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. या सगळ्याच स्टेमुळे अडल्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यातली प्रत्येक दरखास्त म्हणजे कोर्टाने "तुझं बरोबर आहे" असं सांगितलेला आणि तरीही हात रिकामे असलेला माणूस आहे.

आणि कृपा करून कुणी मला भाडेकरूची बाजू शिकवू नका. ज्याचं राहतं घर जाणार आहे, ज्याची भिंत उद्या सकाळी पाडली जाणार आहे, त्याला स्टे मिळालाच पाहिजे, ताबडतोब मिळाला पाहिजे. खालचं कोर्ट चुकू शकतं, म्हणून तर अपील आहे. पाडलेलं घर अपील जिंकून उभं राहत नाही. अशा माणसासाठीच ही तरतूद आहे. पण आमच्या गाळ्याला बाहेरून कुलूप आहे! तो तिथे धंदाही करत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी येऊन शटर अर्धं वर करतो, धूळ झटकतो, जातो. त्याचं कुठलं भरीव नुकसान होणार होतं हे स्टेच्या आदेशात एका शब्दाने लिहिलेलं नाही.

यावर उपाय नाही असंही नाही, हीच गोष्ट जास्त जाळते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये आत्मा राम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात अगदी स्वच्छ सांगितलं. दिल्लीतली जागा, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. जागा खाली करण्याचा हुकूम झाला, भाडेकरू अपिलात गेला, अपिली न्यायाधिकरणाने सांगितलं की स्टे हवा असेल तर महिना १५ हजार भरा. हे सर्वोच्च न्यायालयात टिकलं. कारण काय दिलं? हुकूम झाला त्या दिवसापासून जुनं भाडं संपलं. त्यानंतर जागा वापरायची तर मालकाने ती दुसऱ्याला दिली असती तर जे मिळालं असतं त्या दराने पैसे भरा. २००९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच पुन्हा उचलून धरलं, आणि त्या प्रकरणात भाडेकरू होतं खुद्द महाराष्ट्र सरकार, जागा मुंबईतली. सरकारलाही भरावं लागलं.

मग आमच्या तालुक्यातल्या ३५० रुपयेवाल्याला का नाही? आमच्या वकिलांनी हे निकाल जोडून अर्ज दिलाय, की बाजारभावाने दरमहा रक्कम कोर्टात जमा करायला लावा, गाळ्यात तिसऱ्या कुणाला घुसवू नये असा आदेश द्या. त्या अर्जावर समोरच्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, यायचा आहे. से येत नाही. से आला नाही म्हणून अर्ज ऐकला जात नाही, आणि अर्ज ऐकला जात नाही म्हणून स्टे चालू. दर महिन्याला हा माणूस ३५० रुपयांची मनिऑर्डर पाठवतो आणि १८ हजारांची जागा दाबून ठेवतो. त्याने अपील मिटवायची घाई का करावी? फुकटचं कुरण कुणी आपणहून सोडतं का?

मध्यंतरी एक आशा होती. मार्च २०१८ मध्ये एशियन रिसरफेसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दिवाणी असो वा फौजदारी, स्टे सहा महिन्यांत कारणासह वाढवला नाही तर आपोआप उठेल. अण्णांनी त्याचं कात्रण फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केलं. मी तो निकाल समजून घेतलाय. कोर्टाला वेळ मिळाला नाही म्हणून स्टे घेणाऱ्याला शिक्षा कशी द्यायची, त्याचा काय दोष, असा त्यामागचा विचार. मान्य. पण मग निकाल जिंकून बसलेल्याचा काय दोष? कोर्टाच्या उशिराचं ओझं कुणावर तरी पडणारच, तर ते दरवेळी जिंकलेल्याच्याच डोक्यावर का? आपोआप उठणं चुकीचं असेल तर आपोआप लांबणंही तितकंच चुकीचं आहे.

सरकार समोर असेल त्यांचं तर याहून वाईट. ऑर्डर २७ च्या नियम ८अ प्रमाणे सरकारकडून असलं तारण मागता येत नाही. धरणात, रस्त्यात जमीन गेलेला शेतकरी वाढीव मोबदल्याचा निकाल हातात घेऊन बसतो आणि सरकार अपिलात जातं. त्यांच्यापुढे आमचा गाळा काहीच नाही, हे मला कळतं. पण राग तोच आहे.

भाऊ आता पिंपरीला दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभा राहतो. आणि आता अपिलात नवा मुद्दा आलाय, की मुलगा तर नोकरीला लागला, म्हणजे मालकाची गरज संपली! वाचून माझं डोकं फिरलं. तुम्हीच जागा अडवून ठेवायची, त्या मुलाला पोटासाठी बाहेर जायला लावायचं, आणि मग म्हणायचं बघा, त्याला जागेची गरज नाही. २००१ मध्ये गया प्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव खटल्यात अगदी हाच डाव होता. मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागितली होती, खटला चालू असताना मुलगा सरकारी वैद्यकीय सेवेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरज दावा दाखल केला त्या दिवशीची बघायची, न्यायव्यवस्थेच्या संथपणाची शिक्षा मालकाला नको. आमच्या वकिलांनी तोही निकाल फाइलला जोडलाय. फाइल जाड होत चाललीय, ती उघडून वाचायला कुणाला सवड नाही.

मला स्टे बंद करायचे नाहीत. मला एवढंच हवंय की अपिली न्यायाधीशांनी स्टे देताना त्याच आदेशात चार ओळी लिहाव्यात: नुकसान कुठलं, दरमहा किती भरायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि एक हप्ता चुकला तर स्टे त्याच दिवशी संपला. कायदा बदलायची गरज नाही, नवीन इमारत नको, नवीन पद नको. आमच्या अर्जावर समोरच्याचा से आला नाही तर से शिवाय आदेश करा, तोही अधिकार आहे. त्याच्या वकिलांनी आणखी मुदत मागितली तर द्या, पण १८ हजार भरून घेऊन द्या. मग बघा त्याचं अपील किती दिवसांत सुनावणीला तयार होतं.