चेहरा कशाला हवा, आणि लोखंडेच का

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या निमित्ताने मी लिहिलं होतं की कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेला आपल्याकडे एक चेहरा हवा आणि तो गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा असावा. तुम्ही भोसरीत एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर काढलीत, त्या अनुभवावरून मला तीन गोष्टी सुनावल्यात. बोटं चेहऱ्याने वाचत नाहीत, मशीनच्या गार्डने, म्हणजे हात आत जाऊ न देणाऱ्या आडोशाने वाचतात. चेहरा आणायचाच तर एखादा क्रिकेटपटू आणा, पोरं त्याचं तरी ऐकतील. आणि लोखंडे म्हणजे रविवारची सुट्टी, त्यांचा सुरक्षेशी काय संबंध? शेवटी लिहिलंत, "फोटोला हार घालतील, मशीनला गार्ड घालणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण ते मी स्वतः पाहिलंय.

मी सेफ्टी ऑफिसर म्हणून जिथे सुरुवात केली तो कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यात होता. नाव घेत नाही. पहिल्याच वर्षीचा सुरक्षा सप्ताह. सकाळी झेंडा लावला, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, प्रत्येकाच्या खिशाला बिल्ला टोचला, घोषवाक्य स्पर्धेत पहिल्या आलेल्याला स्टीलचा डबा मिळाला. कार्यक्रम आटोपून मी प्रेस शॉपमध्ये गेलो. तिथल्या एका प्रेसला दोन हातांची बटणं होती. ती कशासाठी असतात हे तुम्हाला मी काय सांगणार, पण बाकीच्या वाचकांसाठी लिहितो: दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेसचा दाब (स्ट्रोक) खाली यावा, म्हणजे त्या वेळी हात डायमध्ये, पत्रा ठेवायच्या साच्यात, असूच शकत नाही. या प्रेसचं उजवं बटण आत दाबून त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. मशीन जुनं, सर्किटही जुनं, त्यामुळे एक बटण कायमचं दाबलेलं असलं तरी त्याचं काम चालायचं. टेपच्या कडा तेलाने काळ्या होऊन उलटल्या होत्या, म्हणजे ती बऱ्याच दिवसांची होती. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उजव्या हाताने पत्रा सरकवत होता आणि डाव्या हाताने बटण मारत होता. खिशाला सकाळचा बिल्ला तसाच.

मी मशीन बंद करायला लावलं. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही हातांनी मारलं तर टार्गेट होत नाही. आणि टेप मी नाही लावली, मी आलो तेव्हा होतीच."

टेप मी स्वतः काढली. पुढच्या सोमवारी ती परत तिथे होती.

म्हणून तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. "आधी चेहरा आणा, बाकीचं मागोमाग येईल," असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं आणि ते मी मागे घेतो. गार्ड आधी. तपासायला येणारा निरीक्षक आधी. गार्ड काढून मशीन चालवायला लावणाऱ्याला शिक्षा, तीही आधी.

पण काका, गार्डचा कायदा आपल्याकडे १८८१ पासून आहे. धोकादायक यंत्राभोवती कुंपण हवं हे ब्रिटिशांच्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातच होतं. १९४८ च्या कायद्यात त्यासाठी वेगळं, सविस्तर कलम आलं. कायदा जुना, गार्ड बाजारात मिळतो, त्याला अवाच्या सव्वा पैसेही पडत नाहीत, आणि तरीही टेप सोमवारी परत लागते. का लागते, यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. "मी हे मशीन असं चालवणार नाही" म्हणायची त्या मुलाची ताकद नव्हती. तो ठेकेदाराचा माणूस, दुसऱ्या दिवशी गेटवर अडवला असता. त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं, युनियन नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही पुरेसा नव्हतो.

आता क्रिकेटपटूचं. तुम्ही पोलिओचं उदाहरण दिलंत: अमिताभ बच्चन टीव्हीवर येऊन सांगू लागले आणि पोलिओ गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, हे खरंच आहे. अमिताभ यांचं त्यातलं काम मी कमी लेखत नाही. पण तिथे ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी होतं. आई मुलाला कडेवर घेऊन बूथवर गेली की डोस तयार होता, नाही गेली तर आरोग्यसेविका दारात येत होती. प्रेसवरच्या मुलाला एखाद्या मोठ्या खेळाडूने सांगितलं, "हात सांभाळ, घरी तुझी वाट बघतायत," तर त्याने नेमकं काय करायचं? गार्ड त्याच्या हातात नाही, टार्गेट त्याच्या हातात नाही, डबल ड्युटीला नाही म्हणणंही त्याच्या हातात नाही.

असली पोस्टर मी शेकड्यांनी पाहिली आहेत, काही मीच लावली आहेत. हेल्मेट घाला. सावध राहा. नजर हटी, दुर्घटना घटी. सगळी पोस्टर कामगाराशी बोलतात, केबिनमधल्या साहेबांशी एकही बोलत नाही. ती वाचून वाचून मनात बसतं की अपघात कामगारामुळेच होतो. मग बोटं गेली की अहवालात कारणाच्या रकान्यात "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिताना कुणाचाही हात अडखळत नाही. क्रिकेटपटू कितीही भला असला तरी त्याच्या तोंडी वाक्य हेच घालतील, कारण जाहिरातीचे पैसे मालकच देणार आहेत. मला मालकाकडे तोंड करून बोललेला माणूस हवा आहे.

तसे लोखंडे बोलले होते, आणि इथे तुमचं तिसरं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. लोखंडे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. १८८० पासून ते 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा झाली, मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुट्टी त्यात होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा हेही होतं. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, जी आपण कुणी शाळेत शिकलो नाही. काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

१८८४ साली, काका. भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, एकोणचाळीस वर्षांनी.

आणि रविवारलाही तुम्ही हलकं धरू नका. गिरणी तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची. हात मशीनमध्ये कधी जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डबल ड्युटीच्या शेवटच्या दोन तासांत. १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, तेव्हा त्या सुट्टीने किती हात वाचवले असतील याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडायची नाही. माझ्या लेखी ती सुट्टी ही सुरक्षेचीच तरतूद होती.

दुसरी नावंही माझ्या मनात आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. त्यांचं नाव कुणी पुढे केलं तर माझी काहीच हरकत नाही. रासायनिक कारखान्यांसाठी मला भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आठवतात. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने त्यांच्या ओळखीतला एक कामगार गेला. केसवानींनी खणायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये आपल्या 'रपट' साप्ताहिकात शहराला धोका आहे असं पुन्हा पुन्हा छापलं. कुणी ऐकलं नाही. वायुगळतीची ती २ डिसेंबर १९८४ ची रात्र त्यानंतर दोन वर्षांनी आली. हे उदाहरण तुमच्या बाजूने जातं, हे मला कळतं. एकट्याचा आवाज पुरत नाही, तो कितीही खरा असला तरी.

लोखंड्यांना कोण ओळखतं, असंही तुम्ही विचारलंत. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचं नाव आहे, २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, तरी रस्त्यावर विचारलं तर दहातल्या एकालाही सांगता येणार नाही, हे खरं. ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचं नाव दिलं तेव्हा ते आधीच घराघरांत होतं, ती सोय इथे नाही. शिवाय आता भोसरी-चाकणला निम्मी पोरं बिहारची, ओडिशाची. पण रविवार सगळ्यांना माहीत आहे. "ही सुट्टी ज्याने मिळवून दिली तो माणूस" एवढी ओळख मराठीत आणि हिंदीत लिहिली, तर तिथून पुढचं सांगता येतं. शिवाय गाडगेबाबांचं नाव चाललं कारण त्यांनी आधी स्वतः झाडू हातात घेतला होता आणि अभियानात गावोगाव तपासणी होती, गुण होते. नुसता फोटो लावून ते झालं नसतं, हे तुमचंच म्हणणं मी पुन्हा सांगतोय.

म्हणून माझी सूचना आता अशी बदलतो. फोटो ऑफिसच्या बाहेर नको, तिथे हारच पडेल. तो प्रेस शॉपमध्ये, मशीनवरून दिसेल असा लावावा. खाली १८८४ ची ती इजेची मागणी लिहावी, आणि त्याखाली सुरक्षा समितीतल्या कामगार सदस्यांची नावं आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाचा फोन नंबर. "टेप का काढलीस?" असं सुपरवायझरने विचारलं तर मुलाला भिंतीकडे बोट दाखवता यावं. एवढ्याने टेप जाईल असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्या मुलाकडे दाखवायला काहीच नव्हतं.

काका, तुम्ही लिहिलंत की तुमच्या शेजारच्या प्रेसवरच्या पोराची तीन बोटं गेली, आणि रक्त पुसून मशीन वीस मिनिटांत परत चालू झालं. त्या पोराचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बरा होईपर्यंत त्याला पगार मिळाला का? परत कामावर घेतलं का, की हिशोब करून घरी पाठवलं? आठवत असेल तर सविस्तर लिहा. त्याचं आणि कारखान्याचं नाव नको. मी ते जसंच्या तसं, एक शब्दही न बदलता, वेगळा लेख म्हणून इथे टाकतो.