‘जय भीम कॉम्रेड’ नेमका कुणासाठी बनला?

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं की जात, वस्त्या, सफाई कामगार यांच्यावरच्या डॉक्युमेंटरी परदेशी महोत्सवांसाठी बनतात, त्या एकतर्फी असतात, बनवणारे बाहेरचे लोक दुसऱ्यांच्या दुःखावर नाव कमावतात आणि इथे त्या कुणी बघत नाही. उदाहरण म्हणून डॉक्युमेंटरी बनवणारे आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुढे केला जातो. मग त्यापासूनच सुरुवात करू.

परदेशासाठी? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या डॉक्युमेंटरीत ते गायले होते, तेव्हापासूनची ओळख. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला आंबेडकरी चळवळीची निळी पट्टी का बांधली, या प्रश्नाच्या मागे लागून पटवर्धन यांनी १४ वर्षं चित्रीकरण केलं. तयार झालेला चित्रपट तीन तासांहून मोठा आहे, बराचसा मराठीत आहे आणि शाहिरीने भरलेला आहे. महोत्सवांत खपवायचा माल असा नसतो. तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये दाखवला गेला, तिथल्या प्रेक्षकाला शाहिरी समजावून सांगावी लागली नाही.

‘एकतर्फी’ हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो करणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसतो. पोलिसांची बाजू होती की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. ही बाजू चित्रपटात आहे आणि ती तपासलेलीही आहे. गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने तो असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. सरकारी बाजू आयोगापुढेही टिकली नाही आणि खालच्या कोर्टातही टिकली नाही, तर त्याचा दोष कॅमेऱ्याला कसा देणार? शिवाय हा चित्रपट आपल्या माणसांनाही सोडत नाही. सत्तेसाठी शिवसेनेच्या जवळ गेलेले दलित नेते त्यात आहेत. घोगरेंना त्यांच्याच डाव्या संघटनेने काढून टाकलं होतं, हेही आहे. कुणाची भलामण करायची असती तर हे भाग कापणं सोपं होतं.

बाहेरच्या माणसाचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. ‘रायटिंग विथ फायर’ ही उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’ या बातमीपत्राच्या दलित महिला पत्रकारांवरची डॉक्युमेंटरी. २०२२ मध्ये ती ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली, तेव्हा खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढून सांगितलं की आमच्या कामाचं हे चित्र अपुरं आहे, आम्ही एकाच पक्षाच्या मागे लागलेलो दिसतो. त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण त्यांनी ‘असे चित्रपट बनवू नका’ असं म्हटलेलं नाही, आम्हाला नीट दाखवा असं म्हटलं आहे. ज्यांच्यावर चित्रपट बनत आले त्यांच्यातलेच लोक आता कॅमेऱ्यामागे आहेत. ज्योती निशा यांनी आंबेडकरांवरची आपली डॉक्युमेंटरी लोकवर्गणीतून सुरू केली आणि पुढे तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांची निर्मिती संस्था तिच्याशी जोडली गेली. ‘बाहेरचे’ म्हणून गळा काढणाऱ्या मजकुरात या बाईचं नाव का नसतं?

राहिलं ‘कुणी बघत नाही’. कुणी बघतच नसेल तर अडवण्याची एवढी धडपड कशाला? पटवर्धन यांची ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ ही डॉक्युमेंटरी दूरदर्शनवर दाखवली जावी यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला. तमिळनाडूत दिव्यभारती यांनी हाताने मैला उचलणाऱ्यांवर ‘कक्कूस’ ही डॉक्युमेंटरी काढली. २०१७ मध्ये पोलिसांनी तिची प्रदर्शनं ठिकठिकाणी बंद पाडली, दिव्यभारतींवर गुन्हे दाखल झाले. पण त्यांनी ती सरळ यूट्यूबवर टाकली. तिथे ती लोकांनी पाहिली.